खिशातली धार: वावरात नेण्याजोगं पाजवायचं साधन कसं निवडावं

आमच्या गावच्या खात्याचा भाता बंद होऊन बरीच वर्षं झाली. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: खाती म्हणजे गावात लोखंडा-लाकडाचं काम करणारा कारागीर.) सायकलवर चाक बसवून फिरणारा धारवाला पोळ्याच्या आगेमागे एखाद्या वेळी दिसतो, मग वर्षभर त्याचा पत्ता नसतो. तालुक्याच्या बाजारात इळा घेऊन जावं तर अर्धा दिवस मोडतो. आणि धार जाते ती नेमकी ऐन सोयाबीनच्या सोंगणीत, नाहीतर धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रोडग्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या वांग्याची भाजी-रोडग्यांच्या जेवणाचा, कार्यक्रम ठरलेला असताना, समोर वांग्यांचं अख्खं पोतं पडलेलं असताना.

म्हणून शिदोरीच्या पिशवीत मावेल असं काहीतरी जवळ हवं, हे मला उशिरा कळलं. आजवर मी अशी चार साधनं घेतली. दोन फेकली, एक भाच्याला दिलं, एक अजून वापरतो. तुमचे तेवढे पैसे आणि एखादं चांगलं पातं वाचावं म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: धार घरी बसवायची, रानात ती फक्त जागी ठेवायची. खांडलेला कोयता धुऱ्यावर बसून नव्याने घडवायचा म्हटलं तर जड दगड लागतो आणि दिवसही जातो. दुपारच्या सुट्टीत दोन मिनिटांत धार परत आणायची असेल तर छटाकभर वजनाचं साधन पुरतं. हा फरक न कळल्यामुळे लोक एकतर फार जड घेतात नाहीतर फार निकामी.

१. आधी घरातली पाती ओट्यावर मांडा

पहिली चूक इथेच होते. माणूस आधी साधन घेतो आणि मग ते कशाला चालतं ते बघतो. उलट करा. जे जे तुम्ही बाहेर नेता ते सगळं एकदा समोर ठेवा.

साधा इळा असेल तर त्याची धार आतल्या बाकाला असते. रुंद, सपाट दगड तिथे पोचतच नाही. त्याला अरुंद पट्टी, गोल कांडी किंवा होडीच्या आकाराचा दगड लागतो. दातेरी इळा असेल तर त्याच्यासाठी काही घेऊ नका. सपाट साधनाने दात घासले की दातच जातात. प्रत्येक खाच तिकोनी बारीक कानशीने उघडावी लागते आणि एवढा वेळ कोणाला नसतो. दातेरी इळा बोथट झाला की नवा घेतलेला परवडतो.

कोयता आणि कुऱ्हाड बहुतेक वेळा ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली असते. ते लोखंड चिवट असतं. ते मार खातं, वळतं, पण काचेसारखं तुटत नाही. त्याला जाडसर कोनाची धार लागते. घरातला स्टेनलेस चाकू पातळ, त्याला बारीक कोन. आणि तुम्ही आमच्यासारखे संत्र्याच्या पट्ट्यातले असाल, मोर्शी-वरुडकडचे, तर घरात एक कलमाचा चाकू असतोच. त्याची गोष्ट वेगळी. त्याला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू पूर्ण सपाट. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच माझी फजिती झाली आहे.

२. धार गेली म्हणजे काय झालं, ते बघा

पातं उजेडात धरा, धार सरळ डोळ्याकडे करा. धारेची कडा इतकी बारीक असते की तिच्यावरून उजेड परत येत नाही. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे ती मेलेली आहे. मोबाइलचा टॉर्च लावला तर रात्री जागलीवरसुद्धा हे दिसतं.

सगळीकडे बारीक सलग रेघ चमकत असेल तर धार फक्त झिजली आहे. नखावर एका बाजूने अडते आणि दुसऱ्या बाजूने घसरते, तर ती वळली आहे. दोन्हींना हलकं साधन पुरतं. मात्र ज्वारीच्या दाण्याएवढे खांडे पडले असतील तर घरच्या दगडाशिवाय किंवा कानशीशिवाय इलाज नाही.

सोयाबीन जमिनीलगत कापावं लागतं, म्हणून इळ्याला माती लागते आणि मातीतली रेती धार खाते. बांबूचं तसंच. त्याच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य. दिवसभर बांबू तासणाऱ्याला दोन-तीनदा पाजवावं लागतं, यात त्याच्या हाताचा दोष नाही.

३. बाजारात काय काय मिळतं

*खाचेत ओढायचं साधन.* प्लास्टिकची मूठ, मध्ये व्ही आकाराची खाच, त्यात टंगस्टन कार्बाइडचे दोन तुकडे. चाकू खाचेत घालून तीन-चार वेळा ओढला की झालं, असं दुकानदार दाखवतो. कागदही कापून दाखवतो. वजन अगदी थोडं, किंमत कमी, शिकायला काही नाही. नवशिक्या माणसाचा हात पहिल्यांदा इकडेच जातो, माझाही गेला.

हे तुकडे लोखंड घासत नाहीत, खरवडतात. पात्यावरून लोखंडाची बारीक सळई निघताना दिसते, ती तुमच्या चाकूचं आयुष्य आहे. धार लागते, पण करवतीसारखी फाटकी, आणि लवकर जाते. पुन्हा ओढा, पुन्हा सळई. दोन वर्षांत पातं मधून खोलगट होतं. शिवाय कोन ठरलेला, दोन्ही बाजूंना सारखा.

मी त्यात कलमाचा चाकू ओढला. जंबेरीच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे (कलमाच्या कळ्या) भरायचे दिवस, गडबड होती, म्हटलं दोनदा ओढून घेऊ. सपाट बाजूलाही धार पडली. नंतर टी आकाराची चीर द्यायला गेलो तर चाकू सरळ जाईना, साल कापायच्या ऐवजी उसवली. माझ्यासोबत कलम करणाऱ्या काकांनी चाकू हातात घेतला, अंगठ्याच्या नखावर टेकवला आणि एवढंच म्हणाले, "अबे, हा चाकू होय का आरी?" ती सपाट बाजू पुन्हा सपाट करायला मला घरच्या दगडावर दोन संध्याकाळी लागल्या.

स्वस्तातला भाजीचा चाकू असेल, पाहुणे बसलेले असतील, तर हे साधन चालून जातं. बाकी कशालाही लावू नका.

*चिनीमातीची कांडी.* पांढरी, पेन्सिलएवढी. हिला पाणी लागत नाही, तेल लागत नाही. ती फार थोडं लोखंड काढते, त्यामुळे वळलेली किंवा किंचित झिजलेली धार हिच्यावर सुरेख येते. इळ्याच्या आतल्या बाकाला तर हिच्यासारखं दुसरं नाही. आमची आत्या वर्षानुवर्षं हेच करत आली. लोणच्याची बरणी उपडी करायची, बुडाच्या ज्या कड्याला झिलई नसते तिथे चाकू चार वेळा फिरवायचा. कांडीची खोड एकच: पडली की तुटते. बंडीतून (बैलगाडीतून), दुचाकीवरून नेणार असाल तर बांबूच्या नळीत ठेवा. काळी पडली की भांड्याच्या पावडरने घासून धुवा. लोखंडाची भुकटी छिद्रांत भरली की ती नुसती घसरते.

*हिऱ्याची पट्टी.* स्टीलच्या पत्र्यावर निकेलच्या मुलाम्यात हिऱ्याची कृत्रिम भुकटी पक्की केलेली असते. एटीएम कार्डाएवढी, एक मिलिमीटर जाडीची पट्टी साधारण पस्तीस-चाळीस ग्रॅम भरते. हिऱ्यापुढे कुठलंच पोलाद टिकत नाही, त्यामुळे कमानपाट्याचा कोयता असो की स्टेनलेस चाकू, काम होतं. कोरडी चालते, थेंबभर पाण्यावर जास्त चांगली चालते. मी अजून वापरतो ती हीच.

हिची एक शिस्त आहे. दाबायचं नाही. जोर लावला की हिऱ्याचे कण मुलाम्यातून उपटून येतात आणि महिनाभरात पट्टी गुळगुळीत होते. मग लोक म्हणतात, माल खोटा निघाला. नवी पट्टी सुरुवातीला जरा जास्तच खरखरीत वाटते, आठ-दहा वेळा वापरल्यावर ती बसते.

*कारबोरंडमचा दगड.* हार्डवेअरच्या दुकानातला करडा दगड, एक बाजू जाड, एक बारीक. एडवर्ड ॲचिसन या अमेरिकन माणसाला १८९१ मध्ये कृत्रिम हिरे करण्याच्या खटाटोपात हा पदार्थ सापडला. तेव्हापासून धार लावायला याहून स्वस्त आणि भरवशाचं फारसं काही आलेलं नाही. पण सहा इंची दगड चारशे ग्रॅमच्या आसपास जातो. हा घरी ठेवा. बाहेर न्यायचाच तर त्याचा तळहातात मावणारा गोल प्रकार मिळतो, तो कुऱ्हाडीवाल्यांसाठी बरा.

*आणि नाल्यातला गोटा?* अमरावती, यवतमाळ, बुलढाण्याकडे पायाखाली काळा बेसाल्ट आहे. त्याच्यावर इळा घासतात खरं, पण तो धार लावण्यापेक्षा धार पॉलिश जास्त करतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वालुकाश्म मिळतो. त्यातले गारेचे कण पोलादापेक्षा कठीण असतात, तो खरोखर कापतो. एकसारख्या कणांचा, नखाने न खरवडणारा तुकडा सापडला तर जपून ठेवा. अडीअडचणीला उत्तम, आणि फुकट.

विजेच्या ग्राइंडरबद्दल विचाराल तर तो बाहेर न्यायचा प्रश्नच नाही, पण तालुक्याला कोणी लावून देत असेल तर उभं राहून बघा. धारेवर निळा रंग चढला की पात्याचं पाणी उतरलं. खात्याने तापवून, बुडवून जे कठीणपण दिलं होतं ते गेलं. तेवढा भाग नंतर कितीही पाजवा, तासाभरात भोथा होतो.

४. दुकानात हातात घेऊन काय पाहायचं

आकडा विचारा. कणांच्या बारीकपणाला नंबर असतो: २०० ते ४०० म्हणजे जाड, ६०० मधलं, १००० च्या पुढे बारीक. इळा, कोयता, कुऱ्हाड यांना ६०० वर थांबलात तरी चालतं. किंचित खरखरीत धार तण आणि देठ उलट चांगली पकडते. भाजीच्या चाकूला १००० बरं. कलमाच्या चाकूला १००० आणि शेवटी चामड्यावर फिरवणं, ते पुढे सांगतो. म्हणून एकच घ्यायची असेल तर दोन बाजूंची, ४००-१००० किंवा ३००-६०० अशी पट्टी घ्या. "एक्स्ट्रा फाइन" एवढंच छापलंय आणि नंबर नाही, तर राहू द्या.

पट्टी सपाट आहे का ते काचेवर ठेवून पाहा. चारही कोपरे टेकले पाहिजेत. काही स्वस्त मालात हिऱ्याचा पातळ पत्रा प्लास्टिकवर नुसता चिकटवलेला असतो. माझा एक मे महिन्यात बंडीवर उन्हात राहिला आणि संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातून सुटला. सबंध पत्र्याची पट्टी घ्या.

लांबीचा मोह आवरा, पण फार लहानही नको. तीन इंचांपेक्षा आखूड पट्टीवर बोटं धारेच्या फार जवळ येतात. आणि होकायंत्र, शिट्टी, चकमक सगळं एकाच मुठीत बसवलेलं साधन दिसलं की पुढच्या दुकानात जा. त्यात धार लावायला उरते अर्धा इंच जागा.

५. रीत घरी शिका

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण हेच टाळतात. पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी एक जुना, पडीक चाकू घ्या आणि त्याच्यावर हात बसवा.

कोन कसा धरायचा? यंत्र लागत नाही. पात्याच्या रुंदीचा तिसरा हिस्सा मोजा आणि पात्याची पाठ दगडापासून तेवढी उचला. तीन सेंटिमीटर रुंद चाकू असेल तर पाठ एक सेंटिमीटर वर. हा झाला साधारण वीस अंशांचा कोन, घरगुती चाकूला अगदी योग्य. कोयत्या-कुऱ्हाडीला जरा जास्त, अर्ध्याच्या थोडं आत. कलमाच्या चाकूला मोजायचंच नाही: मूळ उतार जसा आहे तसा पूर्ण टेकवायचा.

मग मुलांचा मार्कर घ्या आणि धारेचा उतार दोन्ही बाजूंनी रंगवा. दोन वेळा घासा आणि बघा. रंग फक्त वरच्या भागातून गेला तर पाठ जास्त खाली आहे, फक्त अगदी कडेचा गेला तर जास्त वर. संपूर्ण उतारावरून गेला की कोन जमला. या एका युक्तीने मला जे कळलं ते तीन वर्षं अंदाजाने घासून कळलं नव्हतं.

आता एकाच बाजूने घासत राहा, हलक्या हाताने, मुठीपासून टोकापर्यंत. मध्ये थांबून विरुद्ध बाजूवर अंगठा धारेकडे आडवा सरकवा. पाठीकडून कडेकडे, धारेच्या लांबीने कधीच नाही. तिथे एक बारीक खरखर लागेल, कपड्याला अडकेल अशी. म्हणजे लोखंड पार कडेपर्यंत घासलं जाऊन पलीकडे वळलं. ती खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग आली पाहिजे. आली की बाजू बदला, दुसरीकडून तेवढंच. खरखर यायच्या आधीच बाजू बदलली तर तासभर घासूनही धार येत नाही. "मी किती वेळ घासलं तरी काही होत नाही" म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं.

शेवटी खरखर काढायची. एक इकडून, एक तिकडून, असे आठ-दहा अगदी हलके हात. मग चामड्यावर. जुन्या पट्ट्याची आतली, खडबडीत बाजू चालते. न्हावी वस्तरा फिरवतो तसं पाठ पुढे, धार मागे. उलट केलं तर पट्टा कापला जातो.

कलमाच्या चाकूची खरखर काढताना सपाट बाजू पूर्ण झोपवून दोनदा सरकवा, उचलू नका.

इळ्याला मात्र उलटं: पातं हलवायचं नाही, साधन हलवायचं. मूठ टोंगळ्याखाली (गुडघ्याखाली) दाबा, पाठ ओंडक्यावर टेकवा, आणि पट्टीची अरुंद कड किंवा कांडी आतल्या बाकावर फिरवा, धारेकडून पाठीकडे. बोटं पट्टीच्या वर ठेवा, कडेला गुंडाळू नका. माझ्या डाव्या तर्जनीवरची खूण याच चुकीची आहे.

तपासायला वर्तमानपत्र घ्या, नाहीतर पिकलेला टमाटा. सालीवर चाकू नुसता ठेवून ओढला की शिरला पाहिजे. हाताचे केस काढून दाखवणाऱ्यांच्या नादी लागू नका.

६. पिशवीत काय असावं

* हिऱ्याची दोन बाजूंची पट्टी, जुन्या पाकिटात घालून
* इळा वापरत असाल तर चिनीमातीची कांडी, नळीत
* पट्ट्याचा वीतभर तुकडा
* सुती फडकं आणि छोट्या बाटलीत पाणी
* खोबरेल किंवा मशीनचं तेल, चार थेंब पुरतील एवढं
* जखमेसाठी पट्टी. शेतात कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा

चामड्यासकट हे सगळं पाव किलोच्या आत बसतं.

तेलाबद्दल एक. घरात जवसाचं तेल असतं म्हणून दगडावर किंवा पात्यावर ते लावू नका. मी लावलं. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून तर ते ऑइल पेंटमध्ये वापरतात. आठवड्यात दगडाची छिद्रं बुजली आणि दगड काचेसारखा झाला. तेच तेल कुऱ्हाडीच्या दांड्याला चोळा, लाकूड फाटत नाही. पात्याला खोबरेल. आषाढ-श्रावणात खात्याच्या हातचं पातं एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून पुसून, तेलाचं बोट फिरवूनच खोचा.

७. जंगलात आणि प्रवासात

मेळघाट, ताडोबा, नागझिरा, बोर असल्या ठिकाणी फिरायला जाताना चाकू घरी ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला बंदी आहे. "भाजी कापायला होता" हे गेटवर ऐकून घेतीलच असं नाही. नुसती पट्टी नेऊनही उपयोग नाही, पाजवणार काय?

शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तरी इळा, कोयता एसटीतून नेताना गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून न्या, आणि सीटखाली ठेवा. मी एकदा मोर्शीच्या बाजारातून नुकताच पाजवलेला कोयता नुसता थैलीत टाकून आणला. थैली फाटली, शेजारच्या आजीची मेथी कापली गेली, आणि ती गाव येईपर्यंत माझ्या धारेचं कौतुक करत नव्हती.